ब्रूडरमधील पिल्लांचे आजार : निदान आणि प्रतिबंध

अंड्यातून बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. शरीराचे तापमान स्वतः राखण्याची ताकद त्याला साधारण दोन आठवड्यांनी येते. तोवर कोंबडीच्या पंखाखालची ऊब ब्रूडरने द्यायची असते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवावे. पिल्लांमधील बरीचशी मरतूक ऊब, खालची तुसाची गादी आणि पाणी यांतील हेळसांडीमुळे होते किंवा वाढते. म्हणून आजाराचा शोध ब्रूडरपासूनच सुरू करावा लागतो.

तापमापकाइतकेच पिल्लांचे वागणेही बोलके असते. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर ऊब अपुरी आहे. चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून पिल्ले कडेला गेली असतील तर ऊब जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येत आहे. सारखी विखुरलेली, खाणारी आणि निवांत झोपणारी पिल्ले म्हणजे व्यवस्था बरोबर. पिल्ले आल्याच्या दुसऱ्या सकाळी काहींच्या गळ्याखालची अन्नाची थैली हलक्या बोटांनी चाचपावी. ती भरलेली आणि मऊसर लागली तर दाणा व पाणी दोन्ही पोटात गेले आहे. कडक लागली तर पाणी कमी पडले आहे आणि रिकामी लागली तर पिल्लू अजून खायलाच शिकलेले नाही.

यानंतर पाहायचे ते वय. पहिल्या आठवड्यातील मरतूक बहुधा अंडी उबवणी केंद्रातून किंवा वाहतुकीतून आलेली असते. बेंबी ओली व सुजलेली, पोट फुगलेले, अंगाला दुर्गंधी, ही बेंबीतून झालेल्या जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. अशा मेलेल्या पिल्लाचे पोट उघडल्यास आतला बलक न जिरता पातळ, बेरंगी होऊन राहिलेला दिसतो. पांढरी हगवण हा साल्मोनेला गटातील जंतूंचा आजार असून तो मुख्यतः रोगी कोंबडीच्या अंड्यातून पिल्लात उतरतो. त्यात गुदद्वाराभोवती पांढरी विष्ठा चिकटते. पण थंडी बाधल्यानेही विष्ठा अशी चिकटू शकते, म्हणून एवढ्यावरून निदान पक्के करू नये. चिकटलेली विष्ठा कोमट पाण्याने भिजवून काढावी. ती ओढल्यास कातडी फाटते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू मान ताणून, चोच उघडून धापा टाकत असेल आणि घशातून घरघर येत नसेल, तर बुरशीजन्य न्यूमोनियाचा संशय घ्यावा. शवविच्छेदनात फुप्फुसांवर पिवळट बारीक गाठी दिसतात. ही बुरशी दमट तुसातून किंवा बुरसलेल्या खाद्यातून येते. आजारी पिल्लांवर परिणामकारक उपचार नाही. गादी बदलल्यानेच उरलेली वाचतात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातील मोठा शत्रू म्हणजे रक्ती हगवण. पिल्ले पंख पाडून गोळा होतात, विष्ठेत रक्त दिसते आणि आंधळी आतडी रक्ताने भरलेली आढळतात. आयमेरिया या सूक्ष्म परजीवीची बीजे विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. पाण्याच्या भांड्याभोवतालची ओली गादी म्हणूनच सर्वांत धोक्याची. यावर ॲम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, पण ते ब-१ जीवनसत्त्वाच्या वाटेत येऊन काम करते. त्यामुळे मात्रा आणि दिवस पशुवैद्यकानेच ठरवावेत. याच वयात गंबोरोही येतो. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १९६२ साली नोंदलेल्या या विषाणूजन्य रोगाने रोगप्रतिकारशक्तीच खचते आणि नंतर दुसऱ्या रोगांनाही वाट मोकळी होते. मानमोडी म्हणजे राणीखेत मात्र कोणत्याही वयात येतो. हिरवट हगवण, श्वासाचा त्रास, मान वळणे ही त्याची लक्षणे. या दोन्ही रोगांवर औषध नाही, लस आहे.

लसीकरणाचा सर्वसाधारण क्रम असा : मरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच, राणीखेतची लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास आणि लासोटाची दुसरी मात्रा चौथ्या आठवड्यात. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात क्लोरीन नसावे. आजारी कळपाला लस देऊ नये.

प्रतिबंधाचे बाकीचे काम पिल्ले येण्याआधीचे आहे. जुनी गादी पूर्ण काढून शेड धुवावी, चुना मारावा आणि दोन आठवडे मोकळी ठेवावी. कोरड्या तुसाची दोन-तीन इंच गादी घालावी. पहिले काही दिवस तिच्यावर कागद पसरतात, पण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून तो खरबरीत असावा. ब्रूडर आदल्या दिवशीच तापवून ठेवावा. थंडीतही हवा खेळती राहावी म्हणून गोणपाटाचे पडदे वरच्या बाजूने थोडे उघडे ठेवावेत. पिल्लांच्या उंचीवर वाकल्यावर डोळे चुरचुरले, तर अमोनिया आधीच प्रमाणाबाहेर गेलेला असतो. वेगवेगळ्या वयाच्या पक्ष्यांची देखभाल असेल, तर लहान पिल्लांचे काम नेहमी आधी उरकावे.

मरतूक अचानक वाढली तर अंदाजाने प्रतिजैविके देऊ नयेत. विषाणू, बुरशी यांवर ती चालत नाहीत. नुकतीच मेलेली आणि काही आजारी जिवंत पिल्ले पशुवैद्यकाकडे किंवा पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागासारख्या प्रयोगशाळेकडे न्यावीत. मेलेली पिल्ले बर्फावर ठेवावीत, गोठवू नयेत. सोबत वय, रोजची मरतूक, दिलेल्या लसी, खाद्य आणि औषधे यांची नोंद द्यावी. उरलेली मृत पिल्ले उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावीत.