न्यायाधीशही तोच, हेरही तोच

आज एका माणसाविषयी बोलतो. महंमद रेशहरी. इराणचा मौलवी. १९७९ साली शहाची गादी उलथली, धर्मगुरूंचं राज्य आलं आणि हा लष्करी क्रांती-कोर्टाचा न्यायाधीश झाला. खोमेनींसोबत पॅरिसहून विमानातून आलेला सादेग घोत्बजादे, पुढं परराष्ट्रमंत्री झालेला. १९८२ साली त्यालाही याच्याच कोर्टानं मरण दिलं. १९८४ साली हाच गुप्तचर खात्याचा पहिला मंत्री.

१९८८ साली खोमेनींचा हुकूम निघाला. राजकीय कैद्यांचं मरण तिघांनी ठरवायचं : धर्म-न्यायाधीश, सरकारी वकील आणि रेशहरीच्या खात्याचा माणूस. गुन्हा काय? देवाशी युद्ध! वकील नाही, अपील नाही. आधीच शिक्षा भोगणारे हजारो फासावर गेले.

खोमेनींचे ठरलेले वारस मोन्तझेरी याविरुद्ध बोलले. १९८९ साली त्यांची वारसदारी गेली. रेशहरी मात्र देशाचा मुख्य सरकारी वकील झाला, पुढं दर्ग्याचा विश्वस्त. हदीसचे ग्रंथ काढत राहिला. २०२२ साली मेला, आरोपीच्या पिंजऱ्यात एकदाही उभा न राहता.

पकडणारा, निकाल देणारा आणि देवाच्या नावानं बोलणारा एकच झाला, की दाद मागायची कुणाकडं? तेहरानजवळ खावरानच्या बिननावाच्या खड्ड्यांपाशी आया वर्षानुवर्षं फुलं घेऊन जात राहिल्या. खटला त्यांनीच जिवंत ठेवला.