टॅबलेटला कीबोर्ड जोडल्यावर

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा मंचावर मुद्दाम एक आरामशीर खुर्ची मांडलेली होती. तिच्यात बसून, आयपॅड मांडीशी टेकवून, त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, ईमेल उघडली, फोटो चाळले. फोन आणि लॅपटॉप या दोघांच्या मधली तिसरी वस्तू, अशी त्यांनी तिची ओळख करून दिली. पुढं २०१५ मध्ये त्याच कंपनीनं मोठ्या पडद्याचा आयपॅड प्रो आणला आणि त्याच्यासाठी कीबोर्डचं कव्हरही विकायला काढलं. २०१७ च्या जाहिरातीतली मुलगी तर कॉम्प्युटर म्हणजे काय, असं उलट शेजारणीलाच विचारू लागली. मार्च २०२० मध्ये ट्रॅकपॅडही आला. सॅमसंग आणि इतर कंपन्याही याच वाटेवर होत्या. आता मुलाला कॉलेजसाठी काहीतरी घ्यायचं म्हणून दुकानात गेलेल्या आईवडिलांपुढं प्रश्न उभा राहतो: लॅपटॉपच घ्यायचा, की टॅबलेट घेऊन त्याला कीबोर्ड लावायचा? माझं म्हणणं असं, की कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड यांनी टॅबलेटची बोटांची अडचण सोडवली, आणि फार छान सोडवली. पण लॅपटॉपचं लॅपटॉपपण बोटांशी बांधलेलं नाही. ते फाईल कुणाच्या ताब्यात राहते आणि कुठला प्रोग्राम चालवायचा हे कोण ठरवतं, यावर उभं आहे.

आधी श्रेय द्यायचं ते देऊ. उभ्या पडद्याला सारखा हात लावत राहिलं की खांदा भरून येतो. जॉब्ज यांनीच २०१० च्या ऑक्टोबरात लॅपटॉपला टचस्क्रीन का नको, हे सांगताना हे कारण दिलं होतं. टॅबलेट कीबोर्डवर उभा केला की नेमकी हीच अडचण येते, म्हणून ट्रॅकपॅड ही चैन नव्हे, गरज होती. २०२० मधला आयपॅडचा कर्सरही विचारपूर्वक केलेला होता: एरवी लहानसा गोल ठिपका, बटणावर नेला की बटणाच्याच आकारात मिसळून जाणारा, मजकुरावर नेला की बारीक उभी रेघ होणारा. आणि या रेघेचं मोल मराठी लिहिणाऱ्याला जास्त कळतं. ‘परिक्षा’ असं चुकून टाईप झालं आहे आणि ‘री’ दीर्घ करायची आहे, असं समजा. ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवलेली असते. त्यामुळं कर्सर ‘रि’च्या मागं ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबला की बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी पुसली जाते, ‘र’ शाबूत राहतो आणि दीर्घ वेलांटी देता येते. बोटानं हे करायला गेलं तर बोटाखाली अख्खा शब्द झाकला जातो आणि कर्सर भलत्याच जोडाक्षरात जाऊन बसतो. बाणाच्या कळा आणि ट्रॅकपॅड असेल तर हेच काम क्षणात होतं. तेव्हा लेख लिहायचा, पत्रव्यवहार करायचा, मुद्रितं तपासायची, शिकवणीची टिपणं काढायची, एवढंच ज्याचं काम आहे, त्याला कीबोर्ड जोडलेला टॅबलेट पुरतो. पुरतो म्हणजे कसाबसा नव्हे, भरपूर पुरतो.

पण या जोडणीची किंमत आणि वजन दोन्ही नीट पाहायला हवीत, कारण टॅबलेट हलका आणि स्वस्त, हीच समजूत मनात धरून माणूस दुकानात जातो. २०२० चा १२.९ इंची आयपॅड प्रो ६४१ ग्रॅमचा होता, आणि त्याचा ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड सुमारे ७१० ग्रॅमचा. म्हणजे कव्हर यंत्रापेक्षा जड, आणि दोन्ही मिळून साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅम. त्याच कंपनीचा त्या वर्षीचा मॅकबुक एअर १.२९ किलोचा होता. असं का व्हावं? लॅपटॉपची बॅटरी आणि सगळी यंत्रणा खालच्या भागात, कळांखाली असते. टॅबलेटची सगळी पडद्यामागं असते. वरचा भाग जड झाला की बूड त्याहून जड ठेवावं लागतं, नाहीतर मांडीवर ठेवताच सगळं मागं कोलमडतं. हलकं कव्हर घेतलं तर ते टेबलावर चालतं, एसटीत मांडीवर डुगडुगतं. किमतीचंही तसंच. त्या मोठ्या कीबोर्डची अमेरिकेतली किंमत ३४९ डॉलर होती, आणि त्याच वेळी कंपनीचा साधा आयपॅड ३२९ डॉलरला मिळत होता. इतर कंपन्यांचे कीबोर्ड स्वस्त आहेत, हे खरं. तरीही टॅबलेट, कीबोर्ड आणि पेन अशी बेरीज केली की आकडा बऱ्यापैकी लॅपटॉपच्या जवळ जातो, हे दुकानात उभं असतानाच मांडून पाहावं.

आता मूळ मुद्दा. लॅपटॉप म्हणजे मोठं माजघर असलेला वाडा आहे. वर्ड, एक्सेल, टॅली, फोटोचा प्रोग्राम, सगळे आपलं सामान त्याच माजघरात आणून ठेवतात आणि दुसऱ्यानं ठेवलेलं उचलतात. टॅबलेटमध्ये प्रत्येक अ‍ॅपची खोली वेगळी आणि कुलूपबंद. एका अ‍ॅपला दुसऱ्याची फाईल परवानगीशिवाय दिसत नाही, आणि आपण एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात गेलो की मागचं अ‍ॅप बॅटरी वाचावी म्हणून थोड्याच वेळात गोठवलं जातं. हे दोष म्हणून सांगत नाही. याच बंदिस्तपणामुळं कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावला आणि सगळ्या यंत्रात व्हायरस पसरला, असा प्रकार टॅबलेटवर जवळजवळ ऐकू येत नाही, बॅटरी दिवसभर पुरते, आणि वयस्क माणसं निर्धास्तपणे तो वापरतात. मात्र ज्या कामात एक फाईल चार प्रोग्रामांतून आणि सहा माणसांच्या हातांतून जाते, तिथं या कुलपांशी रोज झगडावं लागतं, आणि त्यावर कितीही चांगला कीबोर्ड हा उपाय नाही.

याचा पुरावा मायक्रोसॉफ्टनं स्वतः पैसे मोजून दिला आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी सरफेस आरटी नावाचा टॅबलेट काढला. मागं स्वतःचा टेकू होता, कीबोर्डच्या कव्हरवरच ट्रॅकपॅड होता, सोबत वर्ड आणि एक्सेलही होते. दिसायला सगळा लॅपटॉप. पण त्याची चिप वेगळ्या जातीची असल्यामुळं विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर चालत नव्हते. लोकांनी तो घेतला नाही, आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. त्याच आकाराच्या सरफेस प्रोवर पूर्ण विंडोज होतं. ती मालिका आजही चालू आहे. दोघांचे कीबोर्ड सारखेच होते, फरक आत काय चालतं एवढाच होता. म्हणून कुणी म्हणालं, की विंडोजचा टॅबलेट तर लॅपटॉपची जागा घेतोच की, तर मी लगेच मान्य करीन. तो पडदा सुटा होणारा लॅपटॉपच आहे. माझं बोलणं आयपॅड आणि अँड्रॉइड टॅबलेटबद्दल आहे, कारण दुकानात टॅबलेट म्हणून मांडलेले बहुतेक हेच असतात.

हे आपल्याकडच्या कामात कसं दिसतं? ग्रामपंचायतीच्या रस्त्याचं टेंडर भरणारा एखादा ठेकेदार घ्या. राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर बोली भरायची तर डिजिटल सही लागते. ती सही बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये असते, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. डोंगल लावायचं, त्याचा ड्रायव्हर बसवायचा, सही करणारा छोटा प्रोग्राम चालू ठेवायचा, मग ब्राउझरनं त्या प्रोग्रामशी आणि प्रोग्रामनं डोंगलशी बोलायचं. तीन वेगळ्या घरच्या वस्तूंनी एकमेकींशी थेट बोलावं, हे टॅबलेटच्या रचनेतच बसत नाही. जोडणी लावून डोंगल त्याच्या खाचेत बसवलं, तरी पुढं काही होणार नाही. सीएच्या ऑफिसातही हेच: टॅली विंडोजवर चालतं, आणि कंपन्यांच्या विवरणपत्रांना तेच डोंगल लागतं. मराठी छपाईच्या धंद्यात अजून एक अडचण आहे. कित्येक प्रेस, साप्ताहिकं आणि दिवाळी अंकांची डीटीपी आजही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालते. युनिकोडच्या आधीच्या संकेतातली ती फाईल टॅबलेटवर उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसते. ज्या संपादकाकडं असा मजकूर येतो, त्याला विंडोजचं यंत्र हाताशी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: हे सगळं आता ब्राउझरमध्ये आलं आहे, मग प्रोग्राम हवेत कशाला? पुष्कळ अंशी खरं आहे. गूगल डॉक्स आहे, बँक आहे, ऑनलाईन वर्ग आहेत, आणि ज्याचा दिवस एवढ्यातच जातो त्याचा टॅबलेटवर काही खोळंबा होत नाही. पण नेमकी जी कामं चुकली तर दंड बसतो किंवा संधी जाते, ती ब्राउझरमध्ये सगळ्यात शेवटी येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयपॅडओएस २६ नं हव्या त्या आकाराच्या खिडक्या दिल्या, वर मेनूची पट्टी दिली, गोल ठिपक्याऐवजी बाण दिला, आणि मोठा व्हिडिओ तयार होत असताना दुसरं काम करण्याची मुभाही दिली. पहिल्या आयपॅडनंतर पंधरा वर्षांनी मिळालेलं हे दान मोठंच आहे. तरी दोन गोष्टी तशाच राहिल्या. युरोपीय संघ सोडला तर प्रोग्राम अजून कंपनीच्याच दुकानातून घ्यावा लागतो, आणि तिनं ज्याला वाट दिली नाही तो ड्रायव्हर बसत नाही. खिडक्या आल्या, पण कुलपाच्या किल्ल्या कंपनीकडंच राहिल्या. तीच किल्ली माझ्या हातात असेल, तर मी त्या यंत्राला लॅपटॉपचा पर्याय म्हणेन.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. टॅबलेटवर पेननं लिहिता येतं, आणि गणित, रसायनशास्त्र, आकृत्या यांना लिहिण्याशिवाय तरणोपाय नाही. लॅपटॉपवर बेंझिनचं कडं काढायला जाल तर हात टेकाल. शिवाय पुस्तकाची पीडीएफ उभी धरून वाचणं, समासात खूण करणं, व्हिडिओ थांबवून गणित सोडवणं, यांत टॅबलेटची बरोबरी नाही. जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना राज्य शासनाच्या महाज्योती संस्थेनं टॅबलेट दिले, ते म्हणूनच योग्य वाटतात. काम काय, हे आधी ठरलं आणि त्याला साजेसं साधन निवडलं गेलं. याउलट ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्र सरकारनं आणलेला आकाश टॅबलेट आठवा. सात इंची पडदा, पहिल्या आवृत्तीत तोही दाबून वापरायचा, आणि स्वप्न मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती संगणक देण्याचं. पुढची आवृत्ती सुधारण्यासाठी मुंबईच्या आयआयटीला त्यात उतरावं लागलं. पण त्या वर्षांत वाचायचं यंत्र आणि काहीतरी घडवायचं यंत्र यांत फरकच केला गेला नव्हता.

तोच फरक बारावीनंतर अंगावर येतो. प्रवेश परीक्षेपर्यंत जो टॅबलेट पुरेसा होता, तो इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी उणा पडायला लागतो. यंत्रांचे आराखडे काढायचं सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं, आणि आयपॅडवर तर स्वतःचा सी किंवा पायथनचा प्रोग्राम लिहून, साधनं जोडून, नीट चालवून पाहणं म्हणजे आडवळणाचं काम. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली आणि खरंखुरं एक्सेल लागतं. राज्य शासनात लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द सिद्ध करावा लागतो, आणि तो हात पूर्ण आकाराच्या कळांवरच बसतो. दहा-अकरा इंची कव्हरच्या आखूड कळांवर बोटं चुकीचं अंतर शिकतात. म्हणून ज्या घरात एकच यंत्र घेणं परवडणार आहे आणि मूल बारावीच्या पुढं गेलेलं आहे, तिथं मी निःशंकपणे लॅपटॉप सांगेन, मग तो सेकंडहँड का असेना. घरात आधीच एक लॅपटॉप असेल, किंवा काम वाचण्या-लिहिण्या-शिकवण्याचंच असेल, तर टॅबलेट आणि कीबोर्ड खुशाल घ्यावा.

डोंगलवर अडणाऱ्या कामांतली निम्मी अडचण टॅबलेटची नाहीच, हेही सांगायला हवं. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर एकमालकीचा दुकानदार मोबाईलवर आलेल्या ओटीपीनं आपलं विवरणपत्र दाखल करू शकतो. त्याला डोंगल लागत नाही, आणि हे काम तो टॅबलेटवर दुकानात बसूनही करतो. कंपनीला मात्र त्याच पोर्टलवर डिजिटल सही सक्तीची आहे. आधार क्रमांक आणि ओटीपी यांच्या आधारे कागदावर सही करण्याची ई-साइन सोय देशात २०१५ पासून आहे, तिला कायद्याची मान्यताही आहे. ई-निविदेच्या आणि कंपन्यांच्या विवरणपत्रांच्या पोर्टलांनी ती डोंगलच्या बरोबरीनं स्वीकारली, तर एका झटक्यात तालुक्याच्या गावातले कितीतरी ठेकेदार, पुरवठादार आणि सल्लागार विंडोजच्या जुन्या खोक्यातून सुटतील. हे काम अ‍ॅपल किंवा सॅमसंगच्या मुख्यालयात होणार नाही, दिल्ली आणि मुंबईतल्या मंत्रालयांत होईल, आणि पुढच्या टॅबलेटच्या चिपपेक्षा मला त्याची वाट जास्त आतुरतेनं पाहावीशी वाटते.