छातींतील धडधड

आपल्या मराठी भाषेंत काळजाचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत. वाईट वार्ता कळली कीं छातींत धस्स होतें, घरचें माणूस वेळेवर परतलें नाहीं कीं जीव खालींवर होतो, आणि अंधारांत पायाखालीं कांहीं वळवळलें कीं काळजाचा ठोका चुकतो. यांतला शेवटचा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या कसोटीलाहि बराचसा उतरतो. कधीं कधीं हृदयाचा एक ठोका वेळेच्या आधींच पडतो. त्यामागून क्षणभर विसावा येतो, तेवढ्यांत हृदयांत रक्त अधिक भरतें, आणि पुढचा ठोका जोरानें आपटतो. मधला एक चुकला असें आपणांस वाटतें तें यामुळें. असे आगंतुक ठोके निरोगी माणसांसहि पडतात व बहुधा निरुपद्रवी असतात. दिवसाच्या गडबडींत ते कळत नाहींत. रात्रीं सर्वत्र सामसूम झाली, डाव्या कुशीवर निजलें, कीं तेच कानांत वाजूं लागतात.

अशा वेळीं घरीं काय करावें, आणि घरचे उपाय कोठें थांबवावे, एवढेंच आज सांगावयाचें आहे. मी वैद्य नव्हे. 36 वर्षें मुलांना गणित शिकविणारा मास्तर आहें. म्हणून पहिला उपाय सांगतों तो मोजण्याचा.

अंगठ्याच्या मुळाशीं, मनगटाच्या आंतल्या बाजूस, दुसऱ्या हाताचीं तीन बोटें हलकीं ठेवावीं; अंगठा ठेवूं नये, कारण त्याची स्वतःची नाडी गोंधळ करते. घड्याळ समोर ठेवून पुरतें एक मिनिट मोजावें. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणतः 60 ते 100 असते. संख्येइतकाच तालहि पाहावा : ठोके सारख्या अंतरानें पडतात, मधूनच एखादा चुकतो, कीं मुळींच ताल नाहीं?

दुसरा उपाय श्वासाचा. व्हेगस नांवाची एक मज्जा मेंदूकडून हृदयाकडे उतरते, ती लगामाचें काम करते. श्वास सावकाश सोडला म्हणजे हा लगाम किंचित् ओढला जातो. म्हणून टेकून बसावें, कपडे सैल करावे, चार अंक मोजीपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजीपर्यंत सोडावा. पांच मिनिटें असें करावें. तोंडावर गार पाण्याचा हबका मारल्यानेंहि तोच लगाम ओढला जातो.

धडधडीचा एक प्रकार असा, कीं ती एकाएकीं सुरू होते आणि नाडी तालांत, पण दीडशेंच्याहि पलीकडे धांवते. त्यावर श्वास कोंडून 15 सेकंद जोर करणें, आणि लगेच उताणें निजून दुसऱ्याकडून पाय उंच धरविणें, ही युक्ति आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांत 428 रोग्यांवर तिची परीक्षा झाली व 2015 सालीं फळ प्रसिद्ध झालें : नुसता जोर केलेल्यांपैकीं शेंकडा 17 जणांचें हृदय ताळ्यावर आलें, पाय उचललेल्यांपैकीं 43 जणांचें. मात्र डॉक्टरांनीं एकदां समोर करून दाखविल्यावांचून घरीं तिचा प्रयोग करूं नये. मानेची शीर चोळणें तर वृद्धांस घातक ठरूं शकतें. तें कोणींहि करूं नये.

तिसरा उपाय स्वयंपाकघरांतला. कडक चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री आणि मद्य हीं धडधडीचीं नेहमींचीं कारणें. सर्दीचीं कांहीं औषधेंहि त्यांतच येतात. रात्रींचें जड जेवण, जागरण, उपासाच्या दिवशीं पाणी न पिणें, हींहि तींच. तेव्हां आधीं कांहीं घेण्यापेक्षां कांहीं सोडून पाहावें. धन्याचें पाणी, वाळ्याचें सरबत, मोरावळा हे आजीबाईचे पदार्थ गोड आहेत, आणि मधुमेह नसल्यास त्यांनीं नुकसान होत नाहीं. पण आराम पडतो तो बहुतेक स्वस्थ बसल्यानें, पोटांत पाणी गेल्यानें, आणि कोणी तरी पेला घेऊन जवळ बसल्यानें. अर्जुनसालीचा काढा मात्र इतर औषधें चालूं असतां डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

आतां घरचे उपाय कोठें थांबवावे, तें सांगतों. माझ्या थोरल्या बहिणीला साठीनंतर धडधडूं लागलें. ती म्हणे, "छातींत कोणी तरी वेडेंवांकडें नाचतें आहे." आम्ही म्हणत असूं, "आक्का, तूं फार मनाला लावून घेतेस." धन्याचें पाणी झालें, मोरावळा झाला, झोपेसाठीं जायफळ उगाळून झालें. आठ महिने घरांतल्या एकाहि माणसानें तिच्या मनगटावर बोट ठेवलें नाहीं, मीहि नाहीं. एके सकाळीं तिच्या हातांतून कपबशी पडली आणि उजवा हात लुळा झाला. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा ताल केव्हांच सुटला होता. तेथें रक्ताची गुठळी धरली आणि ती मेंदूंत गेली. अशी गुठळी होऊं नये म्हणून औषधें मिळतात. पण रोग आहे हें कळलें, तरच तीं मिळणार. आक्का आज डाव्या हातानें जेवते.

म्हणून नाडी बेताल लागली, किंवा स्वस्थ बसूनहि शंभराच्या वर राहूं लागली, तर 'मनाचे खेळ' म्हणूं नये. रक्तक्षय आणि कंठांतील थायरॉइड ग्रंथीचा विकार यांमुळेंहि हृदय धांवतें. तीं कारणें रक्त तपासून कळतात. धडधडीबरोबर छातींत दुखलें, दम लागला, घेरी आली किंवा शुद्ध हरपली, तर उपाय करीत बसूं नये. 108 क्रमांकास बोलावून थेट रुग्णालय गांठावें.

धडधड थांबल्यावर ई. सी. जी. काढला तर तो पुष्कळदां निर्दोष येतो. अशा वेळीं तारीख, वेळ, नाडीची संख्या आणि ताल यांची टिपलेली वही डॉक्टरांच्या उपयोगीं पडते.

जातां जातां मास्तरांच्या संवयीनें एक गृहपाठ देतों. उद्यां सकाळीं घरांतल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, मनगटावर तीन बोटें ठेवा, आणि मिनिटभर न बोलतां मोजा.