दोन हात, एक लय
(हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मल्लेश्वरमच्या रहिवाशांना चौडय्या स्मारक सभागृहाची ओळख करून द्यायला नको. १९८० साली उभी राहिलेली ही वास्तू व्हायोलिनच्या आकाराची आहे. ज्या टी. चौडय्यांचे ते स्मारक, त्यांनी आपल्या व्हायोलिनला चारऐवजी सात तारा चढवल्या होत्या. त्या वास्तूवरून जाताना मला मात्र दरवेळी आपल्या शाळेतील जुनी पेटी आठवते, आणि माझ्या हातून घडलेली एक चूक.

मी शिक्षिका म्हणून नवीन होते. पाचवीतील एक मुलगी प्रार्थनेला पेटी वाजवायला शिकत होती. उजव्या हाताची बोटे स्वरांवर फिरू लागली की डावा हात भाता विसरे आणि सूर विझून जाई. भात्याकडे लक्ष दिले की बोटे अडखळत. मी तिला सारखी बजावत असे, "दोन्ही हातांकडे लक्ष दे." ती जितके लक्ष देई, तितके अधिक बिघडे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी तिच्या जागी दुसऱ्या मुलाला बसवले. ती निमूटपणे रांगेत जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिने पेटीला हात लावल्याचे मला आठवत नाही.

दोष तिचा नव्हता. उजव्या हाताची सूत्रे मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात, डाव्या हाताची उजव्या भागाकडे. आणि या दोन भागांना जोडणारा कोट्यवधी तंतूंचा एक सेतू असतो. एका हाताची हालचाल दुसऱ्याला ओढून घेऊ पाहते. आपण आत्ताच करून पाहा. एका हाताने हवेत वर्तुळ काढा आणि त्याच वेळी दुसऱ्याने उभी रेघ. थोड्याच वेळात वर्तुळ चपटे होऊ लागते आणि रेघ फुगू लागते. लहान मुलांमध्ये ही ओढ अधिक असते. एका हाताने नेटाने काम करताना दुसऱ्या हाताची बोटेही नकळत हलतात. वयाबरोबर हे हळूहळू ओसरते. म्हणजे वेगवेगळे काम करणे हे हातांना उपजत येत नाही. ते त्यांना शिकावे लागते.

ते कसे शिकावे, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. जात्यावर बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवी आणि दुसऱ्या हाताने मुठीमुठीने धान्य वैरी. एक हात अखंड गोल फिरणारा, दुसरा थांबून थांबून घास देणारा. या दोहोंना बांधून ठेवी ती मुखातली ओवी. तबल्याचेही तसेच. 'ना' उजव्या हाताचा, 'गे' डाव्याचा. दोन्ही एकत्र पडले की 'धा'. दोन हातांच्या दोन क्रियांना आपल्या परंपरेने एकच अक्षर दिले. म्हणून शिष्य आधी बोल तोंडाने म्हणतो, मग हाताने वाजवतो. मनाला दोन कामे सांगायची नसतात. एकच सांगायचे, आणि हातांनी ते वाटून घ्यायचे.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी इथेच, मल्लेश्वरममध्ये, व्हायोलिन शिकू लागले. गज ओढणारा उजवा हात आणि तारेवर बोटे ठेवणारा डावा, दोघांनी माझी पुरती फजिती केली. गुरुजी कन्नडमधून एकच शब्द म्हणत, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, धन! आधी कित्येक आठवडे मोकळ्या तारेवर नुसता गज. मग गजाविना नुसती बोटे. मग दोन्ही एकत्र, पण इतके संथ की लाज वाटावी. एके दिवशी ध्यानात आले, गज आपोआप चालला आहे आणि माझे लक्ष बोटांसाठी मोकळे झाले आहे. लक्ष अर्धे अर्धे वाटता येत नाही. एका हाताचे काम सवयीत मुरले, की मगच ते दुसऱ्याच्या वाट्याला येते.

पालकहो, आपले मूल कात्रीने गोल कापताना कागद फिरवणारा हात विसरेल. रेघ मारताना पट्टी धरलेला हात सैल सोडेल. तेव्हा "लक्ष कुठे आहे?" असे विचारू नका. एका वेळी एक हात, सावकाश, तोंडाने मोजत, आणि रोज थोडे, एवढेच पुरे.

ती मुलगी आज या सभागृहात आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल तर तिला मला सांगायचे आहे: बाळ, तुझे हात ठीक होते, माझी घाई चुकीची होती. ती पेटी अजून संगीताच्या वर्गात आहे. भात्याला नवे कातडे लावले आहे. केव्हाही ये.