मत सगळ्यांचं एक, पण चालतं कोणाचं?

(देवळी येथील वनहक्क मेळाव्यात आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवून घेतलं आहे, थोडंफार कमीजास्त केलं आहे.)



कारंजा, आर्वी, सेलू, समुद्रपूरकडून तुम्ही आज मजुरी पाडून आले. नदी ओलांडून राळेगाव-कळंबचे पाहुणेही आले आहेत. म्हणून मी लांबड लावत नाही. मी बारावीपर्यंत शिकले आहे, पुस्तकी भाषण मला जमत नाही. मागच्या बैठकीत एका आजोबांनी एक प्रश्न विचारला होता, त्यावरच बोलते. ते म्हणाले, "पोरी, मत आपण देतो, सरकार आपण बसवतो, मग आपलं काहून चालत नाही?"

हा प्रश्न नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता. त्यांचं म्हणणं असं होतं की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात सगळे समान होतील, एका माणसाला एक मत राहील. पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहणार आहे. हे जास्त दिवस चाललं तर ज्यांना ती भोगावी लागते ते लोक ही लोकशाहीच उधळून लावतील. त्याला आता पंचाहत्तर वर्षं होऊन गेली. विषमता किती कमी झाली ते पाहू.

अभ्यास करणाऱ्यांनी २०२४ मध्ये २०२२-२३ सालचा हिशोब मांडला. आपल्या भाषेत सांगते. समजा देश म्हणजे शंभर माणसांचं गाव आहे आणि गावात शंभर एकर वावर आहे. त्यातलं चाळीस एकर एकाच माणसाकडे आहे. खालच्या पन्नास माणसांकडे मिळून साडेसहा एकरही नाही. गावात वर्षाला शंभर रुपये आले तर त्यातले साडेबावीस रुपये तोच एक माणूस नेतो, आणि खालची पन्नास माणसं पंधरा रुपये वाटून खातात. इंग्रजांच्या काळातही वरच्या एका माणसाचा वाटा एवढा नव्हता, असं त्याच अभ्यासात म्हटलं आहे.

आता अशा गावात निवडणूक घ्या. शंभर जणांना शंभर मतं, हे खरं आहे. पण उभं कोण राहील? गाड्या कोणाच्या फिरतील? आमदारकीच्या उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख रुपये आहे, खासदारकीला ९५ लाख. ही झाली कागदावरची, खरा खर्च सगळ्यांना माहीत आहे. आपला रोजगार हमीचा रोज २०२५ मध्ये ३१२ रुपये झाला. चाळीस लाख जमवायला त्या रोजाने १२,८२० दिवस काम करावं लागेल, तेही एक पैसा न खाता. वर्षाला शंभर दिवस काम धरलं तर १२८ वर्षं झाली. म्हणजे माझ्या पणजीने सुरुवात केली असती तर मी कदाचित पुढच्या निवडणुकीत उभी राहू शकले असते. (हसू नका, हिशोब करून पाहा.)

मग जो उभा राहतो त्याच्यामागे पैसेवाला असतो, आणि निवडून आल्यावर तो आधी त्याचं ऐकतो. पक्षांचंही तसंच आहे. २०१८ मध्ये निवडणूक रोखे निघाले. कंपन्यांनी बँकेतून रोखे घ्यायचे आणि पक्षांना द्यायचे. कोणी कोणाला किती दिले, हे तुम्हाआम्हाला कळायची सोयच नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना संविधानाच्या विरोधात म्हणून रद्द केली. तोवर १६ हजार कोटींच्या वर रोखे विकले गेले होते. नंतर याद्या बाहेर आल्या. त्यात खाणवाले होते, रस्ते बांधणारे होते, लॉटरीवालेही होते. मतदाराने मागायला गेलं की आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळं दाखवावं लागतं. देणाऱ्याचं नाव मात्र सहा वर्षं झाकून राहिलं.

आणखी एक गोष्ट, जी आपण फार बोलत नाही. आपली जिल्हा परिषद २०१७ मध्ये निवडून आली होती, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचं तेच झालं, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तीन वर्षं आपल्या भागात निवडून दिलेला सदस्य नव्हता आणि कोणी आरडाओरड केली नाही. कारण लोकांना फरकच जाणवला नाही. मला तर याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्याला आता नागरिक कोणी म्हणत नाही, लाभार्थी म्हणतात. बहिणींना १,५०० रुपये येतात. ते घ्या, घेऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. आपण साबण घेतो, काडीपेटी घेतो, मोबाईलचं रिचार्ज मारतो, त्या सगळ्यावर कर भरतो, ते आपलेच पैसे आहेत. पण लाभार्थ्याला यादीतून नाव कटायची भीती असते. भीती असली की सभेत तोंड उघडत नाही. एका गावातल्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, मी दाव्यावर सही केली तर माझे पैसे बंद तं होणार नाही ना?" दोन्हीचा काही संबंध नाही. पण ही भीती त्यांच्या मनात कशी आली याचा विचार करा.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. १९५१ मध्ये विनोबा वर्ध्याहून पायी तेलंगणाकडे निघाले आणि पोचमपल्लीला त्यांना शंभर एकर जमीन मिळाली, तिथून भूदान सुरू झालं. पुढे लाखो एकर दान मिळालं. माणूस मोठा होता, त्यात वाद नाही. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. आणि आज त्याच विनोबांच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला आहे. भूदानाचं गाव आता भूसंपादनाचं पहिलं ठिकाण झालं. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी जोर लावला तेव्हा २०२४ च्या विधानसभेआधी तिथली अधिसूचना मागे घ्यावी लागली. म्हणजे लोक एक झाले की सरकार ऐकतं. पण तिकडे ऊस आहे, कारखाने आहेत, लोकांजवळ लढायला चार पैसे आहेत. कोरडवाहू कापूसवाल्याला आणि जंगलातल्या माणसाला तेवढी ताकद कुठून आणायची?

माझं आजचं म्हणणं इथेच आहे. रिकाम्या खिशाची ग्रामसभा "नाही" म्हणू शकत नाही. म्हटलं तरी टिकवू शकत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. शंभराच्या आसपास घरं, सगळे गोंड. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथे बहुमताने ठराव होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना कोण देणार यावर अडवलं. बांबू झाड की गवत, असा वाद सुरू झाला! बकऱ्या चारणाऱ्या पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे वनमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. गावाने बांबू आपल्या भावाने विकला, बँकेत ग्रामसभेचं खातं झालं, गावातच मजुरी मिळाली. कोर्टात जायचं तर वकिलाचे पैसे कोणाला मागावे लागत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी घरोघरची शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. तो कायदा १९६४ चा, विनोबांच्याच चळवळीतून आलेला. पण इथे दान वरून खाली आलं नाही, गावाने गावालाच दिलं. ते मला जास्त पटतं.

ओडिशात नियमगिरीचंही ऐका. डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावं नाही म्हणाली. जयपालसिंग मुंडांनी १९४६ मध्येच संविधान सभेला सांगितलं होतं की लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडून शिका.

आता आपलं पाहू. वर्धा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. नदीपलीकडे राळेगावातली काही गावं त्यात आहेत, म्हणून त्यांना १९९६ चा पेसा लागू होतो. अलीकडे तोच गोंड, तोच कोलाम, पण पेसा नाही. पाणी एक, दोन काठांवर दोन कायदे. मग आपल्याजवळ उरतो २००६ चा वनहक्क कायदा, आणि तो सगळीकडे लागू आहे. बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या लोकांनीही ध्यानात ठेवावं की व्याघ्र प्रकल्पातून गाव उठवायचं असलं तरी आधी हक्क मान्य व्हावे लागतात आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. तोंडी "लोक तयार आहेत" चालत नाही.

पण आपली ग्रामसभा कशी असते तेही बोलू. रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, सभा झालीच नसते. झाली तर ठेकेदार खुर्चीवर आणि बाया दाराबाहेर. सरपंच म्हणतो "मंजूर?", चार जण माना हलवतात. वर चाललंय तेच खाली आपण करत असलो तर मुंबईला नावं ठेवून काय फायदा? वनहक्काच्या नियमात स्पष्ट आहे, निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. नाही तर ठराव टिकत नाही. मोहफूल, चार, तेंदूपान बायाच वेचतात. जंगल कुठवर आपलं आहे हे त्यांनाच जास्त माहीत असतं.

म्हणून नुसते वैयक्तिक पट्टे मागू नका. पट्टा मिळाला तर एका घराला दोन-चार एकर मिळेल, ते पाहिजेच. पण सामूहिक जंगलाचा दावा मिळाला तर गावाला उत्पन्न मिळेल. ज्या दिवशी तेंदूचा लिलाव तुमची ग्रामसभा करील त्या दिवशी साहेब तुम्हाला बसायला खुर्ची देईल, हे मी गडचिरोलीत डोळ्याने पाहिलं आहे.

कामाचं सांगते. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, त्यात म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. निस्तार हक्काची जुनी कागदं, देवस्थान, मसणवट, जुन्या विहिरी, सगळं लिहा. दावा दिला की पोच घ्या, तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. नामंजूर केला तर कारण लेखी मागा, ते मिळाल्यापासून साठ दिवसांत वर अपील करता येतं. एका गावाचा दावा एका कार्यालयात तीन वर्षं कपाटात पडून होता, कारण पोचच घेतली नव्हती.

पावसाळा संपला की हद्दीचे नकाशे काढायला आपली पोरं-पोरी गावोगाव येतील. त्यांच्यासोबत शिवार फिरायला दोन म्हातारी माणसं आणि दोन बाया आधीच ठरवून ठेवा, आणि त्यांच्या जेवणाचं गावाने पाहावं. तारखा पुढच्या पत्रकात छापू.

जय सेवा.