पित्त, सांधेदुखी आणि एक दुर्मिळ व्याधी



अंगावर पित्त उठले म्हणजे आमसुलाचे पाणी लावावे, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक असते. गांधी उठतात, चार-दोन तासांत मावळतात आणि आपण ती गोष्ट विसरूनही जातो. परंतु हेच पित्त वर्षानुवर्षे उठत राहिले, खाज बेताचीच, पण जोडीला वारंवार ताप आणि हाडासांध्यांत ठणका असला, तर काय समजावे? अशाच एका व्याधीविषयी आज आम्हांला बोलायचे आहे.

१९७२ साली फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ लिलियान श्निट्झलर यांनी या लक्षणांची सांगड रक्तातील एका प्रथिनाशी घातली. निरोगी रक्तात नाना प्रकारची प्रतिद्रव्ये असतात. या रोग्यांत मात्र एकाच साच्याचे प्रतिद्रव्य, बहुधा ‘आयजीएम’ जातीचे, वाढलेले आढळते. व्याधीला बाईंचेच नाव मिळाले. ती सहसा उतारवयाकडे झुकलेल्यांना होते.

रोग्याचे खरे हाल होतात ते निदानावाचून. गांधींसाठी एक डॉक्टर, सांध्यांसाठी दुसरा, तापासाठी तिसरा! प्रत्येक जण आपापला भाग नीट तपासतो. पण सगळे एकत्र कोणी पाहत नाही. यात पाच-पाच वर्षे निघून जातात. पित्तावरच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत, कारण येथे मुख्य दोषी हिस्टॅमिन नव्हे. स्टेरॉइडने थोडा आराम पडतो. पण ते दीर्घकाळ घेतले तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते.

मग दोषी कोण? ‘इंटरल्यूकिन-१’ हे द्रव्य शरीरात दाहाची दवंडी पिटते. ॲनाकिन्रा हे औषध, कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी तसे, त्याची जागा अडवून बसते. ते मुळात संधिवातासाठी निघाले. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००५ च्या सुमारास ते या व्याधीत वापरून पाहिले, तेव्हा वर्षांची पीडा काही तासांत ओसरली! औषधाच्या गुणानेच रोगाचे मर्म उघड केले.

परंतु आराम म्हणजे रोगमुक्ती नव्हे. सुई रोज टोचावी लागते. थांबवली की एक-दोन दिवसांत सारे परतते. औषध महाग, आणि जंतुसंसर्गाविषयी सावध राहावे लागते. शिवाय रक्तातील ते प्रथिन जागच्या जागीच राहते. शंभरांत पंधरा-वीस रोग्यांना पुढे कैक वर्षांनी रक्ताचा वा लसिकाग्रंथींचा कर्करोग जडू शकतो. म्हणून बरे वाटत असतानाही रक्ततपासणी चुकवू नये.

श्रोतेहो, उठलेले प्रत्येक पित्त म्हणजे ही व्याधी नव्हे. कोणी घाबरून जाऊ नये. पण गांधी, ताप आणि हाडांचा ठणका ही तिन्ही एकत्र नांदत असतील, तर ती तिन्ही एकाच डॉक्टरांपुढे एकाच बैठकीत सांगावीत, आणि रक्तातील प्रथिनांची तपासणी करावी का, हे विचारावे. रोगाला नाव मिळाले, की उपचाराची वाट सापडते.