वादळातली तळाची जमीन



2004 सालच्या सप्टेंबरात ‘आयव्हन’ चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातून गेलं. मिसिसिपी नदीच्या मुखाबाहेर तळाचा मऊ गाळ लाटांच्या माऱ्याने घसरला आणि टेलर एनर्जी कंपनीचा तेलाचा प्लॅटफॉर्म आडवा झाला. खालच्या विहिरींतून पुढे वर्षानुवर्षं तेल गळत राहिलं. ते गोळा करणारी यंत्रणा 2019 मध्ये सुरू झाली.

लाट पाण्याच्या पृष्ठभागावर उठते, मग तळाची जमीन कशी ढिली होते? लाटेचा जोर तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोहोचतो. खोल समुद्रात दर 10 सेकंदांनी येणारी लाट सुमारे 156 मीटर लांब असते. म्हणजे 60-70 मीटर खालीही तिची चाहूल लागते. माथा वरून गेला की तळावरचा दाब वाढतो, खळगा आला की उतरतो. वादळात हे तासन्‌तास चालतं.

आता तळाची वाळू जवळून पाहू. कण एकमेकांवर टेकलेले असतात, मधल्या फटींत पाणी. जमिनीची सारी ताकद या टेकण्यात आहे. दाबाच्या चढउताराने सैल कण जवळ सरकू लागतात, फटी आक्रसतात. जाड वाळूतून किंवा खडीतून पाणी चटकन निघून जातं. बारीक रेतीत त्याला वाट मिळत नाही आणि दर लाटेगणिक त्याचा दाब साचत जातो. वरच्या कणांचा भार त्या पाण्यानेच पेलला, की कणांचा एकमेकांना आधार उरत नाही. घट्ट वाळू पिठल्यासारखी पातळ होते.

ही पातळ वाळू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते. गॅसची पाइपलाइन पाण्यात तरंगू नये म्हणून तिच्यावर काँक्रीटचा थर देतात. तेवढ्या वजनाने ती पाण्यात बुडते, पण या वाळूत हलकी ठरली तर वर येते. त्याच जागी ठेवलेला भरीव काँक्रीटचा ठोकळा खाली रुततो. वादळ ओसरलं की पाणी निघून जातं आणि वाळू पुन्हा बसते. पाइप मात्र उघडाच राहतो.

मुंबई हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपांतून उरणला येतात. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायची तयारी आहे. अशा कामांत वाऱ्या-लाटांइतकाच काटेकोर हिशेब तळाच्या मातीचाही झाला पाहिजे. कण किती बारीक, किती सैल, पाणी किती वेगाने निघतं, हे आधी तपासावं. माती धोक्याची निघाली, तर पाइपाचा चर खडीने भरावा. तिथे काटकसर नको.